टाक्याचं की दुर्बिणीचं

"ऑपरेशन टाक्याचं झालं होतं की दुर्बिणीचं?" डॉक्टर मगदूम मॅडमनी विचारलं.

"टाक्याचं," मी म्हणाले, आणि जरा तोऱ्यातच म्हणाले. वर्गात सगळ्यांचं चुकलेलं गणित एकट्या आपल्यालाच सुटलंय, अशी मी त्या खुर्चीत बसले होते.

मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे. हे खुर्चीच्या अगदी कडेला टेकले होते, कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं म्हणून. जालिंदर त्यांचं नाव.

"मुलं किती?"

"दोन," मी म्हणाले. त्याच वेळी हे म्हणाले, "एक."

मॅडम थांबल्या. हे खाली बघत म्हणाले, "एक पोरगी हाय. थोरला पोरगा हुता, त्यो शेततळ्यात गेला."

मिरजेच्या त्या दवाखान्यात आम्ही माझं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन परत फिरवायला आलो होतो. बंद केलेल्या नळ्या पुन्हा जोडून मिळतात, असं कुणीतरी यांना सांगितलं होतं.

हर्षद नुकता शाळेत जायला लागला होता. डाळिंबाच्या बागेसाठी मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शेततळं खोदलं आणि आत काळं प्लास्टिक अंथरलं. त्या ओल्या प्लास्टिकवर मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या चपला काठावर नीट जोडून ठेवलेल्या होत्या. एरवी घरात कधी त्याने चप्पल जागेवर ठेवली नव्हती. याच्यापुढचं मला लिहिता येत नाही.

सुतक फिटायच्या आत मामा विट्याला वकिलाकडे जाऊन आले. मी आतल्या खोलीत पडून होते. सोप्यातलं सगळं ऐकू येत होतं.

"काय म्हनला वकील?" आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी विचारलं.

"मी सरळच इचारलं. मेलेलं धरत्यात का मोजणीत? तर म्हनला, हयात हायत तेवढीच बघत्यात. बहुतेक."

"म्हंजी?"

"म्हंजी अजून एकाला जागा हाय."

माझं लेकरू जाऊन आठवडाही झाला नव्हता. त्या माणसाचं तोंड पुन्हा बघू नये असं मला वाटलं होतं. पण त्याच घरात राहायचं, त्याच माणसाला ताट वाढायचं, तिथे वाटून काय उपयोग.

ही मोजणी कसली, ते सांगते. माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी तो कायदा आला होता. दोनापेक्षा जास्त मुलं असलेल्याला ग्रामपंचायतीत बसता येणार नाही, ठरलेल्या तारखेनंतर तिसरं झालं की पद गेलं. सरकारने चांगल्या हेतूनेच काढला असेल, मी काही सरकारशी भांडायला बसलेली नाही. पण आमच्या भागात त्याचा अर्थ एकच निघाला. ज्याला पुढारी व्हायचंय, त्याच्या बायकोचं ऑपरेशन. तोवर ऑपरेशनच्या रांगेत रोजगाराला जाणाऱ्या बायका बसायच्या. त्या वर्षी तालुक्याच्या शिबिराला जीपगाड्यांमधून मोठ्या घरच्या सुना उतरल्या. सिस्टर त्यांना दागिने काढून ठेवायला सांगून दमल्या. पुरुषांचं ऑपरेशन चहा पिऊन होईस्तोवर होतं, असंही त्या ओरडून ओरडून सांगत होत्या. मामा म्हणाले, "आमच्या पोराला वजन उचलाय लागतंय."

पोरगा तेव्हा कोइमतूरहून नुकताच गावी आला होता. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर गेलेली. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. तिथलं दुकान चुलतभावाच्या हवाली करून हे आले ते सरपंच व्हायला. वजन उचलायचं होतं ते खुर्चीचं.

आणि त्या वेळी आरक्षणच फिरलं. खुर्ची गेली, हे नुसते सदस्य झाले. माझं ऑपरेशन मात्र होऊन बसलं होतं.

मगदूम मॅडमनी मला तपासलं आणि हात धुऊन पुन्हा समोर येऊन बसल्या.

"हे बघा शालनताई, जुन्या कागदावर नुसतं ऑपरेशन झालं एवढंच लिहिलंय. आत काय केलंय ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. मी आधी बेंबीपाशी छोटं छिद्र घेऊन दुर्बिणीतून बघणार. जोडण्यासारखं असेल तर तिथल्या तिथे पोट उघडून नळ्या जोडून टाकेन. नसेल तर उगाच पोट फाडणार नाही."

"म्हंजी उठल्यावर कसं कळायचं मला?" मी विचारलं.

"मी सांगेनच की. पण तुम्हालाही कळेल. खाली ओटीपोटावर मोठी पट्टी असेल तर जोडलंय. नुसती बेंबीपाशी लहान असेल तर नाही."

"मोठीच असंल," मी म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. "आशा ठेवा. पण फार नको," एवढंच म्हणाल्या.

मला त्यांचं नवल वाटलं. एवढ्या शिकलेल्या, आणि यांना टाका ठाऊक नाही?

संध्याकाळी मला वॉर्डात खाट मिळाली. शेजारच्या बाईने खिडकीत तुळशीचं रोप आणून ठेवलं होतं आणि ती परिचारिकेशी त्यावरून वाद घालत होती. हे स्टुलावर बसून मोसंबी सोलत होते. रात्री मला काही खायचं नव्हतं हे त्यांना माहीत होतं, तरी सोलतच होते.

"आत्या काय म्हनल्या निघताना, ऐकलं न्हवं तुम्ही?" मी म्हणाले.

"सोड की आता ते."

"कसं सोडू? जोडून आलीस तर बरं, न्हाय तर मामांनी जतकडं पोरगी बगून ठिवलीया. तुम्ही तिथंच हुबं हुता. चकार शब्द काढला न्हाय."

यांनी मोसंबीची एक फोड तोंडात टाकली आणि चघळत राहिले. हा माणूस वाईट नव्हता. मारलं नाही, दारू नाही, हर्षदसाठी एकटा मळ्यात जाऊन रडायचा. पण बापासमोर त्याचं तोंड शिवलेलं असायचं, आणि ते उसवणं मला कधी जमलं नाही.

"मला दुसरी आनायची न्हाय, शाले," ते शेवटी म्हणाले. "तुझं झालं म्हंजी बास. मग कोन काय म्हनतंय बगू."

ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की आजवर पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर पडली.

"तुम्हाला एक सांगू? शिबिराला मी टाक्याचं मुद्दाम मागून घेतलं."

"म्हाईत हाय की. आई सगळ्या गावाला सांगत हुती. आमची शालन शानी, पक्कं करून घेतलं."

"पक्कं म्हनून न्हाय. कच्चं म्हनून."

"म्हंजी?" त्यांनी विचारलं.

मग मी सांगितलं. शिबिरात सिस्टर एकेकीला विचारत होत्या, टाक्याचं की दुर्बिणीचं? सगळ्या सुना म्हणत होत्या दुर्बिणीचं. व्रण बारीक राहतो, दुसऱ्या दिवशी उठून बसता येतं. माझी पाळी आली तशी मी विचारलं, दुर्बिणीचं म्हणजे काय करतात? सिस्टर म्हणाल्या, दुर्बिणीतून नळीवर रबराची कडी बसवतात, गच्च. मी विचारलं, आणि टाक्याचं? त्या म्हणाल्या, टाक्याचं म्हणजे टाक्याचं, चला लवकर.

मी लग्नाआधीपासून मशीनवर बसणारी बाई. गावातली निम्मी झंपरं माझ्या हातची. नवरीचं झंपर असलं की मी आत चांगली रुंद शिलाई सोडायचे, पुढे अंग भरलं की उसवून मोठं करता यावं म्हणून. कुठलाही टाका असो, हाती, मशीनचा, दुहेरी, ब्लेडचं टोक घातलं की उसवतो. उसवला की कापड होतं तसं. कडीचं तसं नाही. गच्च बसलेली कडी काढायला गेलं की आतलं काही धड राहत नाही. आत्यांच्या बोटातलं वेढणं सोनाराने कापून काढलं तेव्हा मी बघितलं होतं. म्हणून मी म्हणाले, मला टाक्याचं. माझं वय काय होतं तेव्हा? दोन लेकरं मांडीवर होती, देवाने ती ठेवली तर बरंच, पण पुढचं कुणी बघितलंय? एक शिलाई आत सोडून ठेवावी, एवढाच माझा विचार.

"मामांना पद पायजे हुतं, त्यास्नी दिलं," मी म्हणाले. "माझ्यापुरतं मी ठिवलं."

हे हसले. हर्षद गेल्यापासून पहिल्यांदा हसले. हातातली मोसंबी खाटेवर ठेवून त्यांनी माझी वेणी ओढली, नव्या लग्नात ओढायचे तशी.

"लई बेरकी हायस गं तू," ते म्हणाले. "माझ्या बापाला फशिवलंस."

शेजारची तुळसवाली बाई आमच्याकडे बघून हसली. मी तोंडावर पदर घेतला. त्या संध्याकाळइतकी सुखी मी नंतर कधी झाले नाही.

सकाळी मला आत नेलं. छतावरचा मोठा दिवा, हिरवी कापडं, हाताला सुई. मी मनात बाळाचं नाव ठरवत होते. मुलगा असो की मुलगी, हर्षदचं नाव ठेवायचं नाही. ते त्याचं त्यालाच राहू दे. एवढं ठरलं आणि झोप लागली.

जाग आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि कुणीतरी माझं नाव घेत होतं. डोळे उघडत नव्हते. पण हाताला काम माहीत होतं. चादरीखालून हात पोटावर नेला. बेंबीपाशी बोटाएवढी पट्टी लागली. तिथून हात खाली सरकवला. ओटीपोटावर पट्टीच नव्हती. जुना व्रण तेवढा बोटाला लागला. मला वाटलं, भुलीमुळे हात चुकतोय. डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. नुसती कातडी होती.

मी ओरडले म्हणे. मला आठवत नाही. हे सांगतात की वॉर्डभर आवाज गेला.

दुपारी मगदूम मॅडम आल्या आणि माझ्या खाटेवरच बसल्या. हे भिंतीला टेकून उभे होते.

"शालनताई, जोडण्यासारखं काही नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "नळीचं टोक असतं ना, त्याला झालर असते. बीज उचलून आत घ्यायचं काम तिचं. तुमच्या दोन्ही बाजूंच्या झालरीच कापून टाकल्यात. नळीचाही बराच भाग नाही. एका टोकाला जोडायला दुसरं टोकच उरलेलं नाही."

"कापून?" मी म्हणाले. "पन माझं टाक्याचं हाय."

"हो, टाक्याचंच."

"मग टाका कुठं गेला? टाका घातलाय तर उसवा की तुम्ही."

मॅडमना काही कळेना. मग हळूहळू कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढला आणि माझा हात धरला.

"नळीला टाका घालत नाहीत, शालनताई. नळी कापतातच. पोट उघडावं लागतं, मग वरून शिवतात. ते पोटाचे टाके. त्यावरून लोक टाक्याचं म्हणतात."

"म्हंजी वरचे? जे आठ दिसांनी काढून टाकले?"

"तेच."

माझ्या कानात मशीन चालावी तसा आवाज होत होता. तरी मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"आन् दुर्बिणीचं असतं तर?"

मॅडम पदराने चष्मा पुसू लागल्या.

"सांगा की."

"कडीने नळीचा थोडाच भाग बिघडतो. तेवढा काढून दोन टोकं जोडता येतात. तुमचं वय बघता बरीच आशा होती."

त्यांनी माझा हात थोपटला आणि त्या गेल्या. मी यांच्याकडे बघितलं. आदल्या संध्याकाळी माझी वेणी ओढणारा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी हाक मारली. ते वळले नाहीत. मला वाटलं, रडत असतील. नंतर समजलं, ते विचार करत होते.

घरी गेलो. यांनी आईबापाला सगळं सांगितलं, वॉर्डातल्या आमच्या बोलण्यासकट. मामा ऐकून घेऊन म्हणाले, "म्या म्हनलो हुतो का टाक्याचं कर? तिनंच मागून घेतलंय." खरंच, मीच मागून घेतलं होतं.

त्याच उन्हाळ्यात जतकडच्या रूपालीला आणलं. देवळात हार घातले, कागदावर बायको मीच राहिले, पुढाऱ्याच्या घरात कागद साफ लागतो. मी तेजूला, माझ्या मुलीला घेऊन बाहेरच्या खोलीत आले, मशीनसकट. माहेरी आईवडील नव्हते, भावाच्या दारात जायचं नव्हतं. मी रूपालीचा राग करायचा ठरवलं होतं. पण ती पोर गरीब घरची, अठराची, हसरी. कामातून सुटली की माझ्या मशीनपाशी येऊन बसायची. तिला शिवायला जमेना, म्हणून मी तिला उसवायला दिलं. ते तिला फार आवडलं. ब्लेडच्या टोकाने एकेक दोरा उचलायची आणि म्हणायची, "अक्का, बगा, जसंच्या तसं!"

तिला मुलगा झाला. मामांनी पेढे वाटले आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभं राहून म्हणाले, "झाली दोन." एक माझी तेजू, एक तिचा. पुढच्या निवडणुकीला खुर्ची मोकळी राहणार होती. रूपालीला आता शिबिराला न्यायचं ठरलं, आणि मामा म्हणाले, टाक्याचंच करा, पक्कं.

त्या दिवशी मी त्या घरात पहिल्यांदा आवाज चढवला.

"दुर्बिणीचं करायचं," मी म्हणाले. "न्हाय तर मी चावडीम्होरं हुबं ऱ्हाऊन सांगते, ह्या सदस्याच्या घरात बायका किती हायत."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. यांनी नेहमीप्रमाणे जमिनीकडे बघितलं. आत्या काहीतरी पुटपुटल्या, पण मामा म्हणाले, "बरं, दुर्बिणीचं करा. कटकट नगं." मी जिंकले. हर्षद गेल्यापासून मी जिंकलेली ही एकच गोष्ट. रूपालीला मात्र कारण सांगू शकले नाही. सांगायला गेलं की मी मशीनच चालवायला लागायचे. नुसतं म्हणाले, "सिस्टर इचारतील, तू म्हन दुर्बिणीचं. दुसरं काय बोलू नगंस." ती म्हणाली, "बरं अक्का."

शिबिराच्या दिवशी मीही जीपमध्ये बसले, माझा भरवसा कुणावरच नव्हता. व्हरांड्यात बायका पोरांना घेऊन बसल्या होत्या. सिस्टर नव्या होत्या, तरण्या. रूपालीचं नाव पुकारलं तशी ती उठली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "दुर्बिणीचं."

"दुर्बिणीचे डॉक्टर आज आलेले नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यांचं टाक्याचंच होणार. चला, चला."

मी पुढे झाले. "मग आज नगं. रूपाली, चल घरी. फुडच्या टायमाला येऊ."

"फुडच्या टायमाला कोन आननार?" आत्या कडाडल्या. "सकाळधरनं उपाशी ठिवलीया तिला. जीप काय रोज मिळतीया? जा गं तू आत."

"आत्या, मी सांगतीया ते ऐका..."

"लई ऐकलं तुझं."

रूपालीने एकदा आत्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बाळाची टोपी नीट केली आणि ते माझ्या हातात दिलं. त्याला धरायला मला दोन्ही हात लागले. ती माझ्या कानाशी वाकली, आत्यांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलली.

"असू द्या की, अक्का. टाकाच हाय न्हवं? पुढंमागं लागलंच तर तुम्ही द्याल की उसवून."

आणि हसत आत गेली.